सोन्या-चांदीच्या साठ्यांभोवतालचे जलतापीय बदल कसे वाचावेत: कोअर शेडमध्ये नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

भूविज्ञानाची पदवी घेऊन सोन्याच्या शोधमोहिमेवर रुजू झालेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात सोने बहुधा दिसत नाही, दिसते ती माती: पांढरी, पिवळसर, फिकट हिरवी, बोटांना साबणासारखी लागणारी माती आणि तिच्यातून अधूनमधून जाणाऱ्या गारगोटीच्या शिरा. टनाला दहा ग्रॅम सोने देणारा खडक चांगला समजला जातो. दहा ग्रॅम म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग, आणि तेही बहुतेक वेळा भिंगातूनही न दिसणाऱ्या कणांत विखुरलेले. सोने किती आहे हे प्रयोगशाळा सांगते, पण पुढचे भोक (ड्रिलने खडकात घेतलेले छिद्र, ज्यातून कोअर म्हणजे खडकाचा दंडगोल बाहेर काढतात) कुठे आणि कोणत्या कोनात घ्यायचे हे ठरवताना आधार असतो तो शिरेभोवतालच्या खडकात गरम पाण्याने घडवलेल्या खनिजांचा.

माझी सुरुवात फार वाईट झाली. पहिल्या मोहिमेत मी मऊ आणि पांढरे दिसेल त्यापुढे ‘आर्जिलिक’ (मातीत बदललेले), कठीण आणि करडे दिसेल त्यापुढे ‘सिलिसिफाइड’ (सिलिकेने भरलेले) असे लिहीत गेले. दोन महिन्यांनी सगळी भोके एका छेदावर, म्हणजे डोंगराच्या उभ्या कापाच्या चित्रावर, मांडली, तेव्हा सगळा डोंगर एकाच शब्दाने भरून गेला होता आणि त्यातून काहीही कळत नव्हते. तो सगळा कोअर पुन्हा तपासावा लागला. ती वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हा लेख.

येथे मुख्यतः एपिथर्मल साठ्यांविषयी लिहिले आहे. वॉल्डेमार लिंडग्रेन यांनी रूढ केलेली ही संज्ञा भूपृष्ठापासून साधारण दीड किलोमीटर खोलीपर्यंत आणि सुमारे ३०० अंश सेल्सियसपेक्षा कमी तापमानात तयार झालेल्या साठ्यांसाठी वापरतात. जपानमधील हिशिकारी, न्यूझीलंडमधील वाइही, नेव्हाडातील गोल्डफील्ड आणि पेरूमधील यानाकोचा ही त्यांची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. आपल्याकडील कोलार आणि हट्टी येथील सोने वेगळ्या घडणीचे आहे, त्याविषयी शेवटच्या पायरीत पाहू.

आधी जमवाजमव

हत्यारे साधी आहेत, पण एखादे नसले की काम अडते.

- दहापट आणि वीसपट मोठे दाखवणारी दोन भिंगे
- पोलादी सुरी किंवा खरवडणी, आणि चुंबक लावलेली पेन्सिल
- दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची थेंबबाटली
- पाण्याची फवारणी, स्पंज आणि एक उथळ वाटी
- जवळच्या अवरक्त किरणांवर चालणारा वर्णपटमापक (मोहिमेवर नसेल तर भाड्याने मिळतो का ते पाहा)
- नमुने ठेवण्याचे खणांचे डबे, शिसपेन्सिल आणि धातूच्या पट्ट्या

कागदपत्रांत पुढील गोष्टी पहिल्याच दिवशी मागून घ्याव्यात: प्रत्येक भोकाच्या तोंडाचे स्थान, दिशा व कोन, आणि खोलीनुसार झालेले विचलन, भूस्तरीय नकाशा, आधीच्या भोकांचे लॉग (खोलीनुसार केलेल्या खडकाच्या नोंदी), प्रयोगशाळेचे निकाल, आणि त्यांत सोन्या-चांदीबरोबर आर्सेनिक, अँटिमनी, पारा, शिसे, जस्त व तांबे असावेत, तसेच ऑक्सिडीभवन किती खोलीपर्यंत पोहोचले आहे याची नोंद. शेवटची नोंद नवखे लोक मागतच नाहीत, आणि चौथ्या पायरीत नेमकी तिचीच गरज लागते.

पायरी १. खडक मुळात कोणता होता ते ठरवा

बदललेल्या खडकाचे वर्णन करताना ‘तो कशापासून बदलला’ हा प्रश्न आधी येतो, कारण तेच पाणी अँडेसाइट या ज्वालामुखीय खडकामध्ये क्लोराइट, कॅल्साइट आणि एपिडोट तयार करते, तर लोह-मॅग्नेशियम कमी असलेल्या रायोलाइटमध्ये त्याच तापमानाला ही खनिजे नगण्य दिसतात. दोन खडकांतील असा फरक पाहून पाणी बदलले असे समजणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

ही चूक थोरामोठ्यांनीही केली आहे. नेव्हाडातील कॉमस्टॉक शीर १८५९ साली उजेडात आल्यानंतर तिच्या भोवतालच्या हिरवट खडकाला फेर्डिनांड फोन रिश्टहोफेन यांनी ‘प्रॉपिलाइट’ हे नाव देऊन तो स्वतंत्र ज्वालामुखीय खडक मानला. प्राचीन व्यापारी वाटांना ‘रेशीम मार्ग’ म्हणण्याची प्रथा रुजवणारे भूगोलज्ञ ते हेच. जॉर्ज बेकर यांनी १८८२ साली दाखवून दिले की प्रॉपिलाइट हा निराळा खडक नसून गरम पाण्याने बदललेले नेहमीचेच खडक आहेत. खडकाचे नाव बाद झाले, पण ‘प्रॉपिलिटिक’ हे विशेषण क्लोराइट-एपिडोट-कॅल्साइटच्या बदलासाठी आजही टिकून आहे.

व्यवहारात असे करावे. भोकातील सर्वांत ताजा तुकडा शोधून तो नमुना म्हणून टेबलावर ठेवावा. बदललेल्या खडकात फेल्डस्पारच्या स्फटिकांच्या चौकटी, प्रवाहाच्या रेषा, राखेतील चपटे काचतुकडे असे जुन्या पोताचे अवशेष शोधावेत, कारण खनिज बदलले तरी आकार पुष्कळदा तसाच राहतो. पोतही पुसला गेला असेल तर टायटॅनियम आणि झिर्कोनियम यांचे गुणोत्तर पाहावे. ही मूलद्रव्ये गरम पाण्यात सहसा वाहून जात नाहीत, त्यामुळे मूळ खडक ओळखायला ती उपयोगी पडतात.

पायरी २. खनिजाचे नाव आधी, गटाचे नाव नंतर

‘आर्जिलिक’, ‘फिलिक’, ‘प्रॉपिलिटिक’ ही गटांची नावे आहेत आणि प्रत्येक कंपनीत त्यांच्या सीमा थोड्या निराळ्या असतात. म्हणून लॉगमध्ये खनिजे लिहावीत, गट नंतर लावता येतो. उलट दिशेने जाता येत नाही, कारण ‘आर्जिलिक’ या शब्दावरून ती माती स्मेक्टाइट होती की केओलिनाइट हे पुन्हा कुणालाही सांगता येणार नाही.

मातीच्या खनिजांपासून सुरुवात करावी, कारण घोटाळा तेथेच होतो. मटाराएवढा तुकडा वाटीतील पाण्यात टाकावा आणि पाच मिनिटे थांबावे. तो फुगून पापुद्रे सुटू लागले तर स्मेक्टाइट आहे असे समजण्यास जागा आहे. केओलिनाइट फुगत नाही, कोरडे असताना खडूसारखे भुसभुशीत लागते. इलाइट हिरवट किंवा फिकट राखाडी असते, त्याला रेशमासारखी झाक असते आणि ओल्या बोटाने घासले तर ते निसरडे लागते. जुनी मंडळी माती जिभेला चिकटते का ते पाहत असत. ही पद्धत तुम्ही मुळीच वापरू नका, कारण एपिथर्मल साठ्यांत आर्सेनिक आणि पारा नेमके अशाच मातीत असतात.

पायरोफिलाइट नखाने ओरखडते आणि साबणासारखे लागते. अॅलुनाइट मात्र फसवे आहे: पांढरे, कधी गुलाबी, सुरीने ओरखडले जाणारे, आम्लाने न फसफसणारे, आणि बारीक कणांचे असले तर केओलिनाइटपासून डोळ्यांनी वेगळे करता न येणारे. संशय असेल तेथे प्रश्नचिन्ह लावून ठेवावे आणि पाचव्या पायरीपर्यंत थांबावे. लॉगमधील प्रामाणिक प्रश्नचिन्हामुळे कुणाचे नुकसान झालेले मी पाहिलेले नाही.

गारगोटीचेही प्रकार वेगळे लिहावेत. काचेसारखी चमक असलेले स्फटिकी क्वॉर्ट्झ, मेणासारखी झाक असलेली कॅल्सेडनी आणि हलका, ठिसूळ ओपल या तिघांची तापमाने वेगळी आहेत, त्यामुळे तिघांनाही नुसते ‘सिलिका’ म्हटले की माहिती वाया जाते. कार्बोनेटांसाठी आम्ल आहे: कॅल्साइट लगेच फसफसते, डोलोमाइट आणि अँकेराइटची पूड करावी लागते, तर गुलाबी ऱ्होडोक्रोसाइट थंड आम्लात जेमतेम प्रतिसाद देते. एपिडोट पिस्त्याच्या रंगाचे, क्लोराइट गडद हिरवे आणि मऊ.

अॅड्युलेरिया या पोटॅशियम फेल्डस्पारकडे विशेष लक्ष द्यावे. शिरेच्या पट्ट्यांत त्याचे समचतुर्भुजाकृती छोटे स्फटिक दुधी किंवा फिकट गुलाबी दिसतात आणि क्वॉर्ट्झमध्ये लपून जातात. कोअर वळवून उन्हात धरला तर त्याच्या पाटनाचे (स्फटिक ठरावीक पातळीवर फुटतो तेथले) सपाट पृष्ठ लकाकते, क्वॉर्ट्झ तसे लकाकत नाही.

पायरी ३. खनिजांवरून उष्णता आणि आम्लता वाचा

ही पायरी सर्वांत मोठी आहे आणि तिच्यासाठी घाई करू नये. प्रत्येक खनिज दोन प्रश्नांची उत्तरे देते: पाणी किती गरम होते आणि किती आम्ल होते. या दोन अक्षांवर खनिजे मांडण्याची सवय लागली की पाठांतर करावे लागत नाही.

आधी उदासीनाच्या जवळचे पाणी घेऊ. असे पाणी खोलवरून वर येताना खडकाशी दीर्घकाळ समतोल साधत येते, त्यात क्लोराइड, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड विरघळलेले असतात, आणि सोने मुख्यतः बायसल्फाइडच्या रूपात विरघळून प्रवास करते. वर येताना दाब कमी होतो आणि एका खोलीवर पाणी उकळते. उकळताना हायड्रोजन सल्फाइड वायूबरोबर निघून जातो, सोन्याला धरून ठेवणारा गंधक संपतो आणि सोने खाली बसते. कार्बन डायऑक्साइडही निसटतो, त्यामुळे पाण्याची आम्लता घटते. मग इलाइटऐवजी अॅड्युलेरिया स्थिर होते, आणि कॅल्साइट पातळ पात्यांच्या आकारात वाढते. अॅड्युलेरिया आणि पात्यांचे कॅल्साइट ही उकळण्याची साक्ष आहे ती अशी. पुढे कॅल्साइट विरघळून त्याच्या जागी क्वॉर्ट्झ बसले तरी पात्यांची जाळी तशीच राहते, म्हणून आम्लाने फसफसले नाही तरी जाळी दिसली की ती लॉगमध्ये लिहावी.

हे केवळ कागदावरचे अनुमान नाही. न्यूझीलंडच्या ओहाकी-ब्रॉडलँड्स भूऔष्णिक क्षेत्रातील विहिरींच्या तोंडाशी दाब एकदम उतरतो, तेथील धातूच्या चकत्यांवर सोने आणि चांदी भरपूर असलेला थर साचलेला आढळला. त्याचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. निसर्गात शिरेत घडणारी क्रिया तेथे नळाच्या तोंडाशी घडत होती.

या पाण्यातील मातीची खनिजे उष्णतामापकाचे काम करतात. साधारण १५० अंशांखाली स्मेक्टाइट, १५० ते २२० च्या दरम्यान इलाइट आणि स्मेक्टाइट यांचे मिश्रथर, आणि २२० च्या वर इलाइट. एपिडोट चांगले स्फटिकी दिसले तर तापमान २४० च्या आसपास किंवा त्याहून अधिक होते असे धरतात. गारगोटीत ओपल भूपृष्ठाजवळचे, कॅल्सेडनी सुमारे १०० ते १९० अंशांतली, आणि स्फटिकी क्वॉर्ट्झ त्यावरचे. झिओलाइटही येथे उपयोगी पडतात: मॉर्डेनाइट आणि ह्यूलँडाइट थंड बाजूचे, लोमोंटाइट मधले, वैराकाइट २०० च्या वरचे. पुण्या-नाशिककडे दख्खनच्या बेसाल्टमधील झिओलाइट हाताळत शिकलेल्या आपल्या लोकांना ही खनिजे ओळखायला सोपी जातात. मात्र आपल्या डोळ्यांना ती इतकी सवयीची असतात की ‘पोकळीत भरलेले काहीतरी’ म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. मी तो केला आहे.

तापमान कळले की खोलीचा अंदाज येतो. उकळते पाणी २०० अंशांवर असेल तर ते त्या काळच्या भूजलपातळीखाली सुमारे १६० मीटरवर, आणि २५० अंशांवर असेल तर सुमारे ४५० मीटरवर असते. तुमच्या कोअरमध्ये आज जमिनीपासून वीस मीटरवरच एपिडोट आणि इलाइट असेल तर वरचा काही शे मीटर डोंगर झिजून गेला आहे, आणि त्याबरोबर सोन्याचा पट्टाही गेला असण्याची शक्यता आहे. उलट ओपल आणि स्मेक्टाइटच दिसत असेल तर पट्टा खाली शाबूत असू शकतो.

आता दुसरे, तीव्र आम्ल पाणी. शिलारसातून निघालेला सल्फर डायऑक्साइड पाण्यात मिसळतो आणि त्याचे सल्फ्युरिक आम्ल व हायड्रोजन सल्फाइड होते. या पाण्याचा सामू दोनच्या खाली गेला की अॅल्युमिनियमसुद्धा विरघळून जाते आणि खडकाचा फक्त सिलिकेचा सांगाडा उरतो, ज्यात फेल्डस्पारच्या जागी रिकामी भोके असतात. याला ‘व्हगी क्वॉर्ट्झ’ म्हणतात. यानाकोचासारख्या ठिकाणी सोने पुढे येऊन याच सच्छिद्र सांगाड्यात बसले. त्याच्या बाहेर क्वॉर्ट्झ-अॅलुनाइट, त्याबाहेर केओलिनाइट किंवा अधिक उष्णतेत डिकाइट व पायरोफिलाइट, मग इलाइट-स्मेक्टाइट आणि शेवटी प्रॉपिलिटिक खडक असा क्रम भेटतो. गोल्डफील्डचा साठा १९०२ साली सापडला आणि तेथील धातुक खडकाभोवतीच्या अॅलुनाइटचे वर्णन फ्रेडरिक रॅन्सम यांनी १९०९ सालीच केले होते.

येथे एक सापळा आहे. पोकळ्या असलेले प्रत्येक क्वॉर्ट्झ हे ‘व्हगी क्वॉर्ट्झ’ नसते. कॅल्साइट किंवा पायराइट (लोहाचे सल्फाइड) विरघळूनही पोकळ्या होतात. भोके फेल्डस्पारच्या आकाराची आहेत का ते पाहिल्याशिवाय हा शब्द वापरू नये.

चांदीविषयी थोडक्यात. चांदीचे प्रमाण जास्त असलेल्या शिरांत, उदाहरणार्थ मेक्सिकोतील फ्रेस्नियो आणि पाचुका येथे, शिसे व जस्ताची सल्फाइडे आणि मँगनीजची खनिजे सोबत येतात. गुलाबी ऱ्होडोक्रोसाइट कोअरमध्ये ओळखू येते, पण उघड्या खडकावर ते काळ्या मँगनीज ऑक्साइडच्या डागात बदललेले असते. चांदीची खनिजेही काळपट असतात: कॉमस्टॉकच्या पहिल्या खाणकऱ्यांनी सोने धुताना आड येणारी जड, निळसर-काळी माती वैतागून फेकून दिली होती, आणि परीक्षणानंतर कळले की खरी संपत्ती त्या मातीतच होती.

पायरी ४. खनिज कोणी घडवले ते विचारा

माझ्या मते नवखे लोक सर्वाधिक येथे फसतात. केओलिनाइट आणि अॅलुनाइट ही दोन्ही खनिजे तीन अगदी निराळ्या मार्गांनी तयार होतात आणि तिन्हींचा सोन्याशी असलेला संबंध निराळा आहे.

पहिला मार्ग वर सांगितलेला, शिलारसाच्या आम्ल वायूंचा. येथे अॅलुनाइट पुष्कळदा भरड, पट्टीसारख्या स्फटिकांत असते, जोडीला पायरोफिलाइट, डिकाइट, डायास्पोर असतात आणि हा बदल उभ्या भेगांना धरून खोलवर जातो.

दुसरा वाफेचा. खाली उकळणाऱ्या पाण्यातून निघालेला हायड्रोजन सल्फाइड भूजलपातळीच्या वर हवेतील ऑक्सिजनला भेटतो आणि तेथे सल्फ्युरिक आम्ल होते. तापमान १०० अंशांच्या आसपास, अॅलुनाइट पिठासारखे बारीक, सोबत ओपल आणि केओलिनाइट, आणि आकार आडव्या चादरीसारखा. या चादरीत सोने सहसा नसते, पण खाली पाणी उकळत होते हे ती सांगते. ‘निकाल शून्य’ म्हणून भोक येथेच थांबवणे ही महागात पडणारी चूक आहे.

तिसरा मार्ग अपक्षयाचा. पायराइट पावसाच्या पाण्याने ऑक्सिडीभूत होऊन आम्ल सुटते आणि खडकाचे केओलिनाइट होते, सोबत गोएथाइट आणि पिवळे जॅरोसाइट असतात. हा थर आजच्या जमिनीचा उतार पाळतो आणि खोलीबरोबर विरत जातो. कोकणातील जांभ्याखालची पांढरी शेडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना उष्ण आणि दमट हवा कोणत्याही गरम झऱ्याशिवाय किती जाड केओलिनाइट तयार करू शकते हे सांगावे लागणार नाही.

तिन्ही वेगळे करण्यासाठी मी एक साधा प्रश्न विचारते: मातीला खेटून ताजे पायराइट आहे का? ताजे, चकचकीत पायराइट शाबूत असेल तर ती माती अपक्षयाची असणे अवघड आहे, कारण अपक्षयाने आधी पायराइटच खाल्ले असते. त्यानंतर ऑक्सिडीभवनाच्या खोलीची नोंद पाहावी. आणि एका बदलावर दुसरा बदल चढलेला असेल तर लॉगमध्ये दोन स्वतंत्र रकाने ठेवून आधीचा आणि नंतरचा असे वेगळे लिहावे. कोणती शीर कोणाला छेदून जाते यावरून हा क्रम ठरतो.

पायरी ५. वर्णपटमापक वापरा, पण त्याच्या स्वाधीन होऊ नका

मातीची खनिजे डोळ्यांनी ओळखण्याला मर्यादा आहे, म्हणून १,३०० ते २,५०० नॅनोमीटर लांबीचे अवरक्त किरण कोणत्या लांबीवर शोषले जातात ते पाहतात; आलेखात त्या लांबीला खाच पडते. काही आकडे पाठ असावेत. इलाइट आणि पांढऱ्या अभ्रकाची खाच २,२०० च्या आसपास असते. केओलिनाइटला २,१६० आणि २,२०६ अशी जोडखाच असते, डिकाइटची जोडखाच २,१८० च्या जवळ सुरू होते, पायरोफिलाइटला २,१६६ ला एकच तीक्ष्ण खाच येते, आणि अॅलुनाइटची ओळख १,४८० व १,७६० च्या खाचांवरून पटते. क्लोराइट आणि एपिडोट २,२५० व २,३४० कडे दिसतात, पण एपिडोटला १,५५० लाही एक खाच असते. स्मेक्टाइटमध्ये १,९०० ची पाण्याची खाच खोल असते, म्हणून २,२०० च्या खाचेची खोली भागिले १,९०० च्या खाचेची खोली हे गुणोत्तर शिरेकडे जाताना वाढत गेले तर इलाइट अधिक स्फटिकी आणि तापमान अधिक होत गेले असे वाचता येते.

सापळे असे आहेत. कोअर ओला असेल तर १,९०० चा आकडा निरर्थक ठरतो, म्हणून तो उन्हात पूर्ण वाळवावा. पायराइटने काळवंडलेल्या खडकातून परावर्तन इतके कमी येते की आलेख नुसता गोंगाट दाखवतो. मार्करची शाई, ड्रिलिंगचे द्रव आणि प्लास्टिकचा डबा यांच्याही स्वतःच्या खाचा असतात. यंत्रासोबतची संगणक-प्रणाली प्रत्येक आलेखाला कोणते तरी नाव चिकटवतेच. तिने दिलेले नाव आणि तुमच्या भिंगाखालचे दृश्य जुळत नसेल तर आलेख स्वतः उघडून पाहावा.

सर्वांत मोठा सापळा वेगळाच आहे. क्वॉर्ट्झ आणि फेल्डस्पार यांना या पट्ट्यात स्वतःची खाच नसते. म्हणजे जे अॅड्युलेरिया तुम्हाला सर्वांत जास्त हवे आहे ते या यंत्राला दिसतच नाही, आणि अॅड्युलेरियाने भरलेल्या शिरेपुढे यंत्र तिच्यातील किंचित इलाइटचे नाव छापून मोकळे होते.

उपग्रहचित्रांवर काम असेल तर एक सूचना. टेरा उपग्रहावरील अॅस्टर हे उपकरण डिसेंबर १९९९ पासून आकाशात आहे आणि अॅलुनाइट-केओलिनाइटचे पट्टे शोधायला ते फार वापरले गेले. परंतु त्याचे लघुतरंग अवरक्त पट्टे एप्रिल २००८ नंतर निकामी झाले. त्यानंतरची चित्रे उतरवून त्यांवर खनिजे शोधत बसलेली माणसे मी पाहिली आहेत. सराव करायचा असेल तर गोल्डफील्डच्या दक्षिणेकडील क्यूप्राइट हे क्षेत्र निवडावे, कारण अशा उपकरणांच्या चाचणीसाठी ते जगभर वापरले जाते.

पायरी ६. यंत्राला न दिसणारे प्रयोगशाळेत पाहा

अॅड्युलेरियासाठी सोडियम कोबाल्टिनायट्राइटचा रंग देतात, त्यात पोटॅशियम फेल्डस्पार पिवळे होते. त्याआधी पृष्ठभाग हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरवडावा लागतो, आणि हे आम्ल जीवघेणे आहे: सुरुवातीला फारसे न दुखवता ते कातडीतून आत जाते. धूरकपाट, योग्य हातमोजे, जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल आणि प्रशिक्षित व्यक्ती असल्याशिवाय हे काम करू नये. कोअर शेडमध्ये तर कधीच नाही. पर्याय म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी खडकाचे पातळ काप करून घ्यावेत.

मिश्रथरांसाठी क्ष-किरण विवर्तन लागते. नमुना देताना ‘ग्लायकोल लावून आणि न लावता’ अशी दोन्ही मोजमापे मागावीत, कारण ग्लायकोलने स्मेक्टाइटचा थर १७ अँगस्ट्रॉमपर्यंत फुगतो आणि इलाइट १० वरच राहते. ही विनंती अर्जात लिहिली नाही तर साधी मोजणी करून निकाल येतो आणि पैसे पुन्हा मोजावे लागतात.

पायरी ७. छेदावर मांडा

लॉगमधील खनिजे सोन्याच्या निकालांशेजारी छेदावर रंगवावीत, आणि ती रोज रंगवावीत, महिन्याच्या शेवटी नव्हे. कशाचा शोध घ्यायचा हे कळण्यासाठी हिशिकारीचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. क्यूशू बेटावरील या साठ्यात १९८१ साली भोकात समृद्ध शीर लागली आणि १९८५ पासून उत्पादन सुरू झाले. तेथील शिरा क्वॉर्ट्झ आणि अॅड्युलेरियाच्या आहेत, आणि त्या खालच्या शिमांतो गटाच्या गाळाच्या खडकांतून वरच्या अँडेसाइटमध्ये शिरतात. बाहेरून आत येताना क्रिस्टोबलाइट (सिलिकेचा एक प्रकार)-स्मेक्टाइट, मग क्वॉर्ट्झ-स्मेक्टाइट, मग मिश्रथर आणि मध्यभागी क्लोराइट-इलाइट असे पट्टे लागतात. म्हणजे शिरेपासून दूर असलेल्या भोकातही माती कोणत्या दिशेने ‘तापत’ जाते ते कळले तर शीर कोणत्या बाजूला आहे हे सांगता येते. शिरेतल्या काळ्या पट्टीला तेथे ‘गिनगुरो’ म्हणतात. सल्फाइडे आणि सोन्या-चांदीचा नैसर्गिक मिश्रधातू इलेक्ट्रम तिच्यात एकवटलेले असतात, म्हणून कोअर कापताना अशी पट्टी दोन्ही अर्ध्यांत सारखी जाईल अशी रेघ आखावी.

छेदावर सोने आणि उष्णतेचा पट्टा जुळत नसेल तर आधी भोकाच्या विचलनाची नोंद तपासा, मग प्रस्तरभंग आहे का ते पाहा, आणि त्यानंतरच सिद्धांत बदला.

पायरी ८. सगळीकडे हाच तक्ता लावू नका

कर्नाटकातील रायचूर जिल्ह्यात हट्टी येथे, किंवा २००१ साली बंद झालेल्या कोलारच्या खाणींत, सोने भूपृष्ठापासून कित्येक किलोमीटर खोल, रूपांतरित खडकांतील अपरूपण पट्ट्यांत (खडक एकमेकांवर घासून सरकले त्या पट्ट्यांत) आणि पुष्कळ जास्त तापमानाला बसले. हट्टीत शिरेजवळ बायोटाइटचा पट्टा आणि बाहेर क्लोराइटचा पट्टा दिसतो. तेथे स्मेक्टाइट-इलाइटचा उष्णतामापक शोधणे व्यर्थ आहे. जुन्या, पुढे रूपांतरित झालेल्या आम्ल बदलाचीही गंमत असते: केओलिनाइट-पायरोफिलाइटचा खडक तापून त्याचे अँडाल्युसाइट किंवा कायनाइट होते, म्हणून प्राचीन पट्ट्यांत अॅल्युमिनियमने भरलेला विचित्र शिस्ट (पापुद्र्यांचा रूपांतरित खडक) दिसला तर त्यामागे जलतापीय भूतकाळ आहे का, हा प्रश्न वहीत लिहून ठेवावा.

आणि हे सगळे करताना दर दहा मीटरला, तसेच खनिज बदलेल तेथे मध्येही, बोटाएवढा तुकडा काढून खणांच्या डब्यात ठेवावा आणि त्याची खोली शिसपेन्सिलीने लिहावी. मार्करची शाई दोन पावसाळ्यांत उडते, शिसपेन्सिलीची उडत नाही. तुमच्यानंतर येणारा माणूस तुमचा लॉग वाचण्याआधी तो डबा उघडणार आहे.